कलम दहा आणि दाराची कडी : राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
श्रीमती विजया रहाटकर,
अध्यक्ष, राष्ट्रीय महिला आयोग, नवी दिल्ली

विजयाताई,

एप्रिल २०२५ मध्ये मुर्शिदाबादच्या हिंसाचारानंतर घरदार सोडून गंगेपलीकडे मालदा जिल्ह्यात आलेली कुटुंबं एका शाळेत आसऱ्याला होती. आयोगाचं पथक घेऊन आपण तिथे गेलात, बायकांचं म्हणणं ऐकून घेतलंत. त्याआधी महाराष्ट्र राज्य महिला आयोगाच्या अध्यक्ष असताना आपण ‘सुहिता’ ही चोवीस तासांची हेल्पलाइन चालवलीत. म्हणजे छावणीत बाईचे हाल कसे होतात आणि अपरात्री फोन करणाऱ्या बाईला नेमकं काय हवं असतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. सांगायचं आहे ते वेगळ्याच बायकांविषयी. मालदातल्या बायकांसारख्याच याही जीव मुठीत धरून पळाल्या. फक्त यांच्या वाटेत नदीच्या जोडीला देशाची सीमाही आली.

पश्चिम दिल्लीत विकासपुरी, उत्तम नगरच्या गल्ल्यांत म्यानमारमधली चिन कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. यमुनेच्या बाजूला, मदनपूर खादर भागात रोहिंग्यांच्या झोपड्या होत्या. जून २०२१ मध्ये एका रात्रीत त्या जळून गेल्या. रोहिंग्या हरियाणात नूहला, हैदराबादेत बाळापूरला आणि जम्मूतही आहेत. दिल्लीतच लाजपत नगर, भोगल या भागांत अफगाण बायका आहेत, त्यांतल्या कित्येक एकट्याने मुलं वाढवणाऱ्या. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात हजारो माणसं सीमा ओलांडून आली आणि मिझो लोकांनी त्यांना आपल्या घरात, चर्चमध्ये, गावाच्या जागेत सामावून घेतलं. तमिळनाडूच्या छावण्यांत श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबांच्या मुली जन्मल्या, मोठ्या झाल्या, त्यांनाही मुली झाल्या.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कोणाकडे सरकारी ओळखपत्र, कोणाकडे दीर्घ मुदतीचा व्हिसा, कोणाकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड, तर कोणाकडे काहीच नाही. एकाच शहरात दोन बायकांवर सारखाच अत्याचार झाला तर पुढे काय होणार, हे त्यांच्या पिशवीत कोणता कागद आहे यावर ठरतं.

पत्राचा विषय हा कागद आहे. आणि त्यासोबत कडी, दिवा, चूल, दुभाषी अशा काही किरकोळ वाटणाऱ्या वस्तू आणि माणसं.

निर्वासित बाईवरच्या हिंसेचं नाव निघालं की डोळ्यांसमोर बंदूकधारी सैनिक येतो. तो खोटा नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा त्यांच्या गावांत लष्कराने सामूहिक बलात्कार हे हत्यार म्हणून वापरलं, हे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने नोंदवलं आहे. इंडोनेशियाचे मारझुकी दारुसमान त्याचे अध्यक्ष होते आणि श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी सदस्य. २०१९ मध्ये या मंडळाने लैंगिक अत्याचारांवर वेगळा अहवाल काढला. तो वाचताना मधेच मिटून ठेवावासा वाटतो.

पण सीमा ओलांडली की सैनिक मागे राहतो आणि बाईचा दिवस सुरू होतो. पाणी भरायचं, सरपण आणायचं, अंघोळ उरकायची, रात्री पोराला घेऊन शौचाला जायचं. हिंसा या कामांच्या वाटेवर टपलेली असते. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर २०१७ च्या अखेरीस बांबू आणि ताडपत्रीची जी अफाट वस्ती उभी राहिली, तिथे घाईघाईने खणलेली शौचालयं बायकांच्या आणि पुरुषांच्या वाट्याला एकत्रच आली. कित्येकांना आतून कडी नव्हती, वाटेवर दिवा नव्हता. बायकांनी त्यावर स्वतःच उपाय काढला. दिवसा पाणी कमी प्यायचं, जेवण अर्ध्यावर ठेवायचं, म्हणजे अंधार पडेपर्यंत उठावं लागत नाही. काहींनी झोपडीतच कोपऱ्यात आडोसा करून अंघोळीची जागा केली. पुढे ऑक्सफॅम या मदतसंस्थेने महिला वास्तुरचनाकारांना या बायकांसोबत बसवलं आणि शौचालयांचे आराखडे नव्याने करून घेतले. तेव्हा पाळीचे कपडे कोणाच्या नजरेला न पडता धुता-वाळवता येतील अशी जागा बायकांनी मागितली. जगातल्या मोठमोठ्या संस्थांच्या अभियंत्यांना ही गोष्ट आधी सुचली नव्हती. खरं तर सुचायला हरकत नव्हती. उच्चायुक्तालयाने २००१ मध्ये निर्वासित महिलांना जी पाच वचनं दिली होती, त्यांत प्रत्येक बाईच्या आणि मुलीच्या पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू नियमाने पुरवण्याचं वचन होतं. प्रत्येक बाईची नवऱ्यापासून वेगळी, स्वतःच्या नावाने नोंदणी करण्याचंही होतं. ती वेगळी नोंदणी किती मोलाची, हे शिधापत्रिकेवर नाव नसलेल्या कुठल्याही परित्यक्तेला विचारावं. कार्ड नवऱ्याच्या खिशात असेल तर मार खाऊनही बाई घर सोडू शकत नाही, कारण घरासोबत तांदूळही सुटतो.

सरपणाची कथा जरा लांब आहे, पण ती सांगायलाच हवी. केनियातल्या दादाबच्या छावण्यांमध्ये सोमालियातून आलेल्या बायका लाकूडफाट्यासाठी झुडपांत दूरवर जात आणि तिथे त्यांच्यावर बलात्कार होत. १९९० च्या दशकाच्या शेवटी उच्चायुक्तालयाने ठरवलं की लाकूड आपणच पुरवायचं. सरळ, साधा उपाय. लाकूड मिळू लागलं आणि सरपण आणतानाचे बलात्कार कमी झाले. मात्र काही वर्षांनी या प्रयोगाचं मूल्यमापन झालं, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या वेळी होणारे बलात्कार वाढल्याचं दिसलं. शिवाय पुरवलेलं लाकूड गरजेच्या मानाने थोडंच होतं, त्यामुळे उरलेल्यासाठी बायकांना बाहेर जावंच लागे. सुदानमधल्या दारफूरची तऱ्हाही तीच. सीमा न ओलांडता आपल्याच देशात विस्थापित झालेल्या तिथल्या बायकांचा हिशेब मदत करणाऱ्यांनी वारंवार नोंदवून ठेवला आहे: पुरुष लाकडं आणायला गेला तर तो मारला जातो, बाई गेली तर तिच्यावर बलात्कार होतो पण ती जिवंत परत येते, म्हणून बाईने जायचं. आफ्रिकी संघाच्या पोलिसांनी तिथे बायकांसोबत लाकडं आणायला गस्त घालून पाहिली. गस्त होती तोवर फरक पडला.

कॉक्स बाजारमध्ये २०१८ नंतर याच्या पुढचं पाऊल टाकलं गेलं आणि घरोघर स्वैपाकाचा गॅस देण्यात आला. जंगलतोड थांबावी हा मोठा हेतू होता. त्या वस्तीला रोज शेकडो टन लाकूड लागत होतं. पण गॅस आला आणि मुली-बायकांचं जंगलात जाणंही थांबलं. बायकांच्या सुरक्षेवर भरलेल्या कित्येक परिषदांपेक्षा त्या सिलिंडरने जास्त काम केलं, असं म्हटलं तर परिषदवाल्यांना राग येईल. येऊ द्यावा.

या सगळ्यात एक बाजू अशी आहे की तिच्याविषयी मदतसंस्था फार बोलत नाहीत. २००२ मध्ये लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनमधल्या छावण्यांविषयी उच्चायुक्तालय आणि सेव्ह द चिल्ड्रन यांनीच केलेला अहवाल बाहेर आला. मदत वाटणारेच धान्य, तेल, ताडपत्री यांच्या बदल्यात मुलींचं शरीर मागत होते. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांना मदतीच्या मोबदल्यात लैंगिक संबंध ठेवायला आणि अठरा वर्षांखालच्या कोणाशीही असे संबंध ठेवायला मनाई केली. यासाठी परिपत्रक लागावं! मथितार्थ इतकाच, की जिथे एका हातात वाटपाचं रजिस्टर आणि दुसऱ्या हातात रिकामी पिशवी असते, तिथे संरक्षण करणाराही तपासावा लागतो.

आता आपल्या घरी येऊ.

पश्चिम दिल्लीतल्या चिन बायकांचा एक उद्योग परदेशी संस्थांच्या अहवालांतही आला आहे आणि तिथल्या भाजीवाल्यांनाही चांगला ठाऊक आहे. रात्री उशिरा भाजीबाजार उठायला लागतो. विक्रेते ताडपत्र्या झटकतात, हातगाड्या आवरतात, कोबीची वरची पानं, फुटलेले टोमॅटो, मऊ पडलेली वांगी तिथेच टाकून देतात. मग पिशव्या घेऊन या बायका येतात आणि त्यांतलं खाण्याजोगं वेचतात. बत्त्या विझलेल्या, गर्दी ओसरलेली, दारू पिऊन रेंगाळणारे पुरुष आजूबाजूला. अंगाला हात लावणं, ओढणं, पाठलाग, घाणेरड्या शिव्या, हे त्या भाजीच्या किमतीतच धरलेलं. तक्रार करायला पोलीस चौकीत जावं तर हिंदी येत नाही. चिन ही काही एक भाषा नाही. हाखा, फलाम, तेदिम अशा अनेक बोली आहेत. सोबत दुभाषी म्हणून बहुधा वस्तीतला एखादा पुढारी पुरुष येतो आणि त्याच्यासमोर सांगायचं ते बाई सांगत नाही. छळ करणारा घरातलाच असेल तर मुळीच नाही.

तरीही सांगितलंच, तर? हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि तो आयोगाच्या दारातच उभा आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून देशात इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. वैध कागदपत्रांशिवाय आत आलेल्या परदेशी माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परदेशी रुग्णांची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याचं बंधन रुग्णालयांवर टाकलेलं आहे. त्याच वेळी काढलेल्या आदेशाने काहींना सूट मिळाली: ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना, पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना. नागपूर, जळगावात राहणाऱ्या पाकिस्तानी हिंदू कुटुंबांना याचा दिलासा आहे आणि तो त्यांना मिळायलाच हवा होता. पण म्यानमारमधून आलेली चिन बाई ख्रिस्ती असूनही यात बसत नाही, रोहिंग्या तर नाहीच, आणि तालिबानपासून पळालेली मुसलमान अफगाण शिक्षिकाही नाही.

आता हा कायदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेशेजारी ठेवून पाहावा. संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलिसांनी तक्रार नोंदवायची. कलम ३९७ सांगतं की बलात्कारपीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार करायचे. न केले तर भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे. एकीकडे रुग्णालयाने तिला जवळ घ्यायचं आणि दुसरीकडे तिची खबर द्यायची! बाईने यातून काय समजावं? ती समजते ते असं, की दवाखान्यात गेलं तर नवरा, दीर, आपण स्वतः, सगळेच आत जाऊ. मग ती जात नाही. हळद लावून, फडकं बांधून घरी बसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मुलींचं आणखी गुंतागुंतीचं आहे. रोहिंग्या समाजात मुलीचं लग्न लवकर होतं आणि निर्वासितपणात ते आणखी अलीकडे येतं, कारण आईबापांना वाटतं की लग्न झालं की ती कोणाच्या तरी ‘ताब्यात’ सुरक्षित राहील. कॉक्स बाजारमध्ये २०२५ साली अमेरिकेची आणि इतरांची मदत आटल्यावर युनिसेफला शिक्षणकेंद्रं बंद ठेवावी लागली. दोन लाखांहून जास्त मुलांची शाळा सुटली. शाळा सुटलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं पुढे काय होतं हे मराठवाड्यातून आलेल्या आपल्याला सांगायला नको. ऊसतोडीला जाणारे आईबाप पोरीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून तिचं लग्न उरकून टाकतात, ते आपल्याकडे घडतंच आहे. दिल्ली किंवा हैदराबादेत अशी सोळा वर्षांची गरोदर मुलगी रुग्णालयात आली, तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा चूक नाही. पण त्यापाठोपाठ अख्खं कुटुंब परदेशी म्हणून धरलं जाण्याची भीती असेल, तर मुलगी बाळंतपणाला रुग्णालयात येणार नाही आणि ज्या कायद्याने तिला वाचवायचं तोच तिला दाईच्या हाती सोपवेल.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणावंही, की बेकायदा घुसखोरी ही देशाच्या सुरक्षेची बाब आहे. कोणाला ठेवायचं आणि कोणाला परत पाठवायचं हे सरकारने ठरवायचं, महिला आयोगाने नाही. ठीक आहे. हे पत्र तो वाद आयोगाच्या अंगणात आणत नाही. मागणं वेगळं आहे. जोवर ती बाई या भूमीवर आहे, मग ती छावणीत असो, भाड्याच्या खोलीत असो वा कोठडीत, तोवर तिच्या अंगाला कोणी हात लावणार नाही याची हमी कोण देणार? तिला परत पाठवायचं की नाही या प्रश्नाचं उत्तर काहीही निघो, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या न्यायालयाने पंचवीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी बाईवर सामूहिक बलात्कार झाला; आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. कलकत्त्याच्या वकील चंद्रिमा दास यांनी याचिका केली. रेल्वेचं म्हणणं असं, की ती परदेशी आहे, तिला भारताच्या सार्वजनिक कायद्याखाली भरपाई मागता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००० मध्ये हे म्हणणं फेटाळलं. बलात्कार हे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे आणि कलम २१ नागरिकांपुरतं नाही, प्रत्येक व्यक्तीसाठी आहे, असं न्यायालयाने सांगितलं आणि दहा लाखांची भरपाई कायम केली. हा खटला ‘रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष विरुद्ध चंद्रिमा दास’ या नावाने कायद्याच्या वर्गात शिकवतात. पोलीस प्रशिक्षणातही तो शिकवायला हवा. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकील मिळण्याचा हक्क स्त्रियांना आणि बालकांना आहे. तिथेही नागरिकत्वाची अट नाही.

आणि आता आपला स्वतःचा कायदा, विजयाताई. राष्ट्रीय महिला आयोग कायदा, १९९०. कलम १० मध्ये आयोगाची कामं दिली आहेत. स्त्रियांसाठी घटनेत आणि इतर कायद्यांत जी संरक्षणं आहेत त्यांची चौकशी करणं, स्त्रियांचे हक्क हिरावले गेल्याच्या बाबतीत स्वतःहून दखल घेणं. चौकशी करताना दिवाणी न्यायालयासारखं समन्स काढण्याचे अधिकार. आणि याच कलमात एक उपकलम असं आहे, की तुरुंग, सुधारगृह किंवा स्त्रियांना ‘कैदी म्हणून वा अन्यथा’ ठेवलेलं कुठलंही कोठडीचं ठिकाण आयोग तपासू शकतो. ‘अन्यथा’ हे नुसतं भरीला घातलेलं नाही. मार्च २०२१ मध्ये जम्मूत दीडशेहून अधिक रोहिंग्यांना उचलून कठुआ जिल्ह्यातल्या हीरानगरच्या तुरुंगात ठेवण्यात आलं आणि त्या तुरुंगाला ‘होल्डिंग सेंटर’ म्हटलं गेलं. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. वर्षभराने, मार्च २०२२ मध्ये, त्यांतल्या एका बाईला म्यानमारला पाठवण्यात आलं. तिच्याकडे उच्चायुक्तालयाचं कार्ड होतं. नवरा आणि मुलं इकडेच राहिली. होल्डिंग सेंटर म्हणा, डिटेन्शन सेंटर म्हणा, स्त्रियांना तिथे ‘अन्यथा’ ठेवलेलं आहे. आयोगाला आत जायला गृहमंत्रालयाची परवानगी नको, कलम १० पुरे आहे.

आत गेल्यावर पाहायच्या गोष्टी मोठ्या नाहीत. बायकांची झोपायची जागा पुरुषांपासून वेगळी आहे का, शौचालयाला आतून कडी आहे का, रात्री पहाऱ्यावर महिला शिपाई असते का, पाळीचे पॅड मिळतात का, गरोदर बाईला तपासायला कोण आणि कधी येतं, आईपासून मूल वेगळं ठेवलंय का. आणि तक्रार करायची झाली तर ती कोणाकडे, कोणत्या भाषेत.

महाराष्ट्राच्या बाबतीतही एक आठवण करून द्यायला हवी. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची वसाहत झाली. सोव्हिएत सत्तेने सायबेरियात हाकललेली ही माणसं इराणमार्गे इथवर आली होती. सुमारे पाच हजार, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं, कारण पुरुष युद्धावर किंवा मेलेले. त्यांना शाळा मिळाल्या, दवाखाना मिळाला, चर्च मिळालं, आणि १९४८ पर्यंत ती वसाहत नांदली. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले तेव्हा त्यांनी तिथल्या कोल्हापूर स्मारकाला वंदन केलं. त्या मुलींपैकी ज्या म्हाताऱ्या होऊन वळिवड्याला परत आल्या, त्यांना गावाने माहेरवाशिणीसारखं वागवलं. हा अभिमान खोटा नाही. फक्त तो जुन्या पाहुण्यांपुरता ठेवायचा की नव्यांनाही लागू करायचा, एवढाच प्रश्न.

त्याच दशकातली दुसरी गोष्ट अभिमानाची नाही. फाळणीत दोन्हीकडे पळवल्या गेलेल्या बायकांना शोधून परत आणण्यासाठी भारत-पाकिस्तानने डिसेंबर १९४७ मध्ये करार केला, १९४९ मध्ये आपण कायदा केला. मृदुला साराभाईंसारख्या बायकांनी जिवापाड काम केलं. हजारो बायका सापडल्या. पण त्या कायद्यात बाईला ‘मला परत जायचं नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती. काहींनी तोवर नवं घर मांडलेलं होतं, मुलं झालेली होती. त्यांनाही नेण्यात आलं, आणि मुलांचं काय करायचं यावर संसदेत वाद झाले. उर्वशी बुटालिया, ऋतू मेनन, कमला भसीन यांनी नंतर या बायकांच्या हकिकती गोळा केल्या, तेव्हा कळलं की सुटका झालेल्या कित्येकींना ती आगीतून फुफाट्यात वाटली होती. म्हणून आयोगाने या कामात हात घालताना पहिली बैठक अधिकाऱ्यांची घेऊ नये. पुढारी पुरुषांचीही नको. बांगलादेशातल्या छावण्यांत जे ‘माझी’ म्हणून नेमले जातात तसे प्रमुख इथल्या वस्त्यांतही आपोआप तयार होतात आणि बायकांच्या वतीने तेच बोलतात. बायका वेगळ्या बसवाव्यात, मुली त्यांच्याहून वेगळ्या, आणि त्यांना काय हवं ते त्यांच्या तोंडून लिहून घ्यावं. रझिया सुलताना या रोहिंग्या वकिलांनी बांगलादेशात हेच केलं. अत्याचार झालेल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची भाषा बोलणारी बाई म्हणून.

मागण्या थोड्याच आहेत, आणि एकही नवा कायदा लागत नाही. २०१५ पासून देशभर अत्याचारपीडित स्त्रियांसाठी सखी वन स्टॉप सेंटर्स आहेत, १८१ ही हेल्पलाइन आहे. आयोगाने राज्यांना लिहून कळवावं की तिथे येणाऱ्या बाईकडे आधार कार्ड मागून तिला दारातून परत पाठवू नये, उच्चायुक्तालयाचं कार्ड असलं तर तेवढं पुरे, नसलं तरी उपचार आणि तक्रार आधी. गृहमंत्रालयाकडे आयोगाने एक लेखी भूमिका मागावी: अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईवर त्या तक्रारीच्या निमित्ताने परदेशी नागरिक कायद्याखाली कारवाई होणार नाही. हे मिळालं नाही तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे, कारण घाबरलेली बाई हेल्पलाइनलाही फोन करत नाही. दिल्ली, हैदराबाद, जम्मू, ऐझॉल इथल्या केंद्रांना रोहिंग्या, दारी आणि चिन बोली येणाऱ्या बायकांची यादी द्यावी आणि त्यांना मानधन द्यावं; फुकटात दुभाषी मिळतो तो बहुधा कोणाचा तरी काका असतो.

सुरुवात हीरानगरपासून व्हावी. जायची तारीख आयोगाने आधी जाहीर करावी, परत आल्यावर जे पाहिलं ते लिहून छापावं. सोबत नेलेली दुभाषी बाई असावी, आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी निवडलेली नसावी.

कळावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारे,
महाराष्ट्रातील काही वाचक